दोन पावत्या

छापखान्यात तिच्या नावाच्या दोन पावत्या फाटायच्या:
एक मजकुराची, ओळी मोजून,
एक चित्रांची, चौरस सेंटीमीटर मोजून.
साल्मे ओयास्तु दोन्हींवर सही करायची,
पण सारखी नाही.
लेखिकेची सरळ, फळ्यावर गिरवल्यासारखी;
चित्रकाराची तिरकी, शेवटच्या उकाराला मासळीचं शेपूट.
हेल्गी, आमची हिशेबनीस, दर महिन्याला विचारी,
"दोघी एकाच घरात राहतात का हो?"
"राहतात," साल्मे म्हणे, "पण चुली वेगळ्या."

तार्तूच्या त्या तळघरात मी एकतीस वर्षं
खिळे जुळवले, ठसे चढवले.
तिचं काय काय गेलं माझ्या हातांखालून!
अळंब्यांची ओळख, विषारी आणि बिनविषारी
(एका पानाच्या कोपऱ्यात गोगलगाय,
कुणी मागितली नव्हती),
काडेपेटीवरचा हेरिंग,
मधमाश्या पाळणाऱ्यांचं पंचांग, गाजराच्या बियांचं पाकीट,
दंतवैद्याच्या भिंतीवर लावायची अक्कलदाढ,
आणि काय रुबाब त्या दाढेचा,
जणू गावच्या पाटलीणबाई फोटोला बसल्यात.
शिवाय एक कादंबरी. जाडजूड. चित्र एकही नाही.
तिच्या अकराशे प्रती गोदामात ओल पीत राहिल्या.
"हिच्यात का नाही काही काढलंस?"
"ती रुसली होती तेव्हा. आम्ही बोलत नव्हतो."

थट्टा वाटेल, पण भांडणं खरी होती.
लेखिकेनं लिहिलं, मुलीचे बूट लाल.
त्या वर्षी लाल शाई आलीच नाही,
चित्रकारानं बूट काळे करून टाकले.
ही ओळ बदलेना, ती रंग बदलेना,
मी मधे, हातात ओला कागद.
पुस्तक तसंच गेलं.
वसंतात हीउमा बेटावरून एका पोराचं पत्र आलं,
पेन्सिलीनं, शुद्धलेखनाच्या नावानं आनंद:
बूट लालच आहेत. रात्र आहे म्हणून दिसत नाहीत.
साल्मेनं ते वाचलं, खिळ्यांच्या खणात ठेवलं,
आणि जाताना कितीतरी वेळ
एकच हातमोजा घालत राहिली.

शेवटचं पुस्तक समुद्र गोठतो त्या रात्रीचं.
बाविसावं पान कोरं आलं.
पाकीट उलटं करून झटकलं, टेबलाखाली वाकून पाहिलं,
मग दवाखान्यात फोन लावला.
आवाज वाळलेल्या ब्रशसारखा.
"लेखिकेला वाटलं, इथं चित्र येईल.
चित्रकाराला वाटलं, शब्द येतील."
पुढं हसली की खोकली, तारेवर कळेना.
"तसंच छाप. पण पानाला आकडा घाल, एन्देल,
नाहीतर लोक म्हणतील, फाटलंय."

वरून आलेल्या तपासनिसानं ते पान
तीनदा उजेडासमोर धरलं.
नाकाजवळही नेलं.
बाकी पुस्तक त्यानं वाचलंच नाही, आणि शिक्का मारला.

हिशेबाला मात्र अडलं.
शून्य ओळी, शून्य चौरस सेंटीमीटर.
हेल्गीनं पेनाचं टोपण चावलं, खिडकीबाहेर पाहिलं,
आणि दोन पावत्या फाडल्या.

मीच नेऊन दिल्या. मार्च होता,
एमायोगी नदीवर बर्फ तडकत होता,
आत औषधांचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास.
एका पावतीवर तिनं सही केली. सरळ.
दुसरी उलटी केली,
माझा हात ओढून चादरीवर ठेवला
आणि काढायला लागली:
धुऊनही न गेलेली शाई नखांच्या कडांना,
अंगठ्यापाशी वितळल्या शिशाचा तो जुना चटका
जो मी घरीसुद्धा झाकून ठेवायचो.

खाली तिनं काही लिहिलं नाही.
मीही विचारलं नाही.
हेल्गीच्या वहीत त्या महिन्याची
एक पावती अजून कमी आहे.